स्पिरुलिना : कुपोषणावरील पूरक आहार
स्पिरुलिना हा शेवाळासारखा दिसणारा नीलहरित जीवाणू. ऑस्ट्रेलियातील दुकानांत तो महागड्या भुकटीच्या रूपात भेटतो. बुलढाण्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात मात्र आपसूक वाढतो. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेम्बू स्त्रिया तो वाळवून ‘दिहे’ नावाच्या वड्या करतात. उथळ टाकी, खाण्याचा सोडा, मीठ, थोडे नत्रयुक्त खत, भरपूर ऊन आणि नियमित ढवळणे एवढ्यावर त्याची लागवड होते. पीक कापडाने गाळून घेतात. सुक्या भुकटीत प्रथिने सुमारे ६० टक्के, हा आकडा जाहिरातींना प्रिय आहे. बालकाला ५ ग्रॅम भुकटी दिली तर प्रथिने मिळतात अवघी ३ ग्रॅम. तिची खरी उपयुक्तता लोह व बीटा-कॅरोटीन यांत. पोटभर अन्नाची जागा ती घेऊ शकत नाही. शाकाहारी कुटुंबांनी हेही ध्यानात घ्यावे, की तिच्यातील बहुतांश बी-१२ मानवी शरीराच्या उपयोगी पडत नाही.