दोन इंच डांबराखालची खाडी

द्रोणागिरी नोडमधील एखाद्या इमारतीसमोरचा डांबरी वाहनतळ उकरला, तर वरचा काळा थर जेमतेम दोन इंचांचा निघतो. त्याखाली खडी, खडीखाली मुरूम, मुरमाखाली डबराचा भराव आणि सर्वांच्या तळाशी राखाडी, चिकट, खारट वासाचा चिखल. तो चिखल हे या भूमीचे मूळ रूप होय. अर्ध्या शतकापूर्वी येथे भातखाचरे, मिठागरे आणि भरतीच्या पाण्याने भरणारी खाजणे होती. वरच्या दोन इंचांचा इतिहास बाबिलोनपर्यंत जातो. खालच्या चिखलाचा इतिहास मात्र उरण तालुक्याबाहेर फारसा कोणी सांगत नाही. वाहनतळ टिकणार की खचणार, हे पुष्कळदा या खालच्या इतिहासावरच ठरते.

प्रथम शब्दाचा गोंधळ दूर करू. मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द दोन निराळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. एक दगडी कोळशापासून निघणारे डांबर आणि दुसरे खनिज तेल गाळल्यावर तळाशी उरणारे बिटुमेन. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस कोळसा तापवून मिळवत आणि त्या प्रक्रियेत काळे, उग्र वासाचे डांबर मागे उरे. कपाटातील डांबरगोळी याच कोळशाच्या डांबराची संतती आहे. आजच्या रस्त्यावरचे डांबर तेलाचे. नाव तेवढे जुनेच राहिले.

नैसर्गिक बिटुमेनचा वापर प्राचीन काळी मुख्यतः पाणी अडवण्यासाठी होई. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या भिंतीमागे बिटुमेनचा थर दिलेला आढळला. मेसोपोटेमियात नावा त्याने लिंपत. बाबिलोनच्या मिरवणूकमार्गावर भाजलेल्या विटा बिटुमेनमध्ये बसवल्या होत्या. भार पेलणे हे या पदार्थाचे मूळ काम कधीच नव्हते. गळती थांबवणे आणि सुटे कण एकत्र धरून ठेवणे, एवढेच त्याचे काम. डांबराला पाया समजण्याची चूक आजही सर्रास होते. वास्तविक ते छप्पर आहे.

हे तत्त्व सर्वांत स्पष्टपणे मांडणाऱ्याने स्वतः डांबर वापरलेच नाही. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. वाहनाचा भार अखेरीस खालची मूळ माती पेलते आणि ती कोरडी राहिली तर कितीही ओझे सोसते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून लहान, एकसारख्या आकाराची टोकदार खडी दाबून बसवावी, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवावा आणि पाणी कडेने काढून द्यावे. ब्रिटिश अमलात ही पद्धत भारतात आली. आपल्याकडील ‘खडीकरण’ ते हेच.

घोडागाडीच्या काळात हे पुरेसे होते. मोटारगाडी आली आणि तिच्या रबरी चाकांनी खडीतील बारीक चुरा उडवून नेला. धूळ ही नवी आपत्ती ठरली. एडगर हूली या ब्रिटिश सर्वेक्षकाने १९०१ मध्ये एका कारखान्याजवळ पाहिले, की रस्त्यावर सांडलेल्या डांबरावर भट्टीची मळी टाकली आहे आणि तेवढाच तुकडा धूळरहित झाला आहे. पुढच्याच वर्षी त्याने ‘टारमॅक’चे पेटंट घेतले. अमेरिकेत त्याही आधी, १८७० मध्ये, एडमंड डी स्मेट या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने नेवार्क शहरात अ‍ॅस्फाल्टचा रस्ता घातला होता. पुढे वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर त्रिनिदादच्या नैसर्गिक डांबरतळ्यातून आणलेले अ‍ॅस्फाल्ट पसरले गेले.

भारतात या बदलाला पैसा मिळवून देण्याच्या कामी एका मराठी बॅरिस्टरचे नाव जोडले गेले आहे. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्तेविकास समिती नेमली गेली. मोटारींनी रस्ते झिजतात, तेव्हा मोटारींच्या पेट्रोलवर कर बसवून त्यातून रस्ते करावेत, हा तिचा सरळ तर्क होता. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे अधिभार लागू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि ग्रामीण रस्ते ही आजची उतरंड त्याच नागपूर योजनेची देणगी.

डांबर पुरवायला मुंबईतच कारखाने आले. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर सुरू झाला. पुढे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. बंदराच्या पाण्यापलीकडे उरणचा किनारा आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचे तेल शोधले आणि काही वर्षांतच ते समुद्राखालच्या नळातून याच उरणला येऊ लागले. साहजिकच वाटेल, की द्रोणागिरीचे डांबर द्रोणागिरीच्या पायाशी येणाऱ्या तेलातूनच निघत असेल. तसे नाही. मुंबई हायचे तेल हलके आणि मेणयुक्त आहे. त्यातून पेट्रोल-डिझेल उत्तम मिळते, पण डांबरासाठी लागणारा जड गाळ फार कमी उरतो आणि उरतो तोही मेणामुळे डांबराला साजेसा नसतो. त्यासाठी आखाती देशांचे जड तेलच लागते.

आता खालच्या चिखलाकडे वळू. करंजाजवळचा द्रोणागिरी डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचे किल्ल्याचे अवशेष सोडले, तर त्याच्या पायथ्याचा मुलूख सखल. उरण-पेण-अलिबागच्या या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. येथील शेतकऱ्याने समुद्राच्या तोंडावर मातीचे बांध घालून जमीन मिळवली. बांधात उघाडी ठेवली, म्हणजे झडपेचे दार. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाई, भरतीला दार आपोआप मिटे. बांध फुटला तर एका रात्रीत शेत खारावे. म्हणून डागडुजीला सारा गाव एकत्र येई. हे कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवलेले शास्त्र नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाचे होते.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्यावरून असंतोष धुमसत राहिला. जासईचे सुपुत्र आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकाराला आली. द्रोणागिरीतील कितीतरी इमारती याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. त्यांच्या दारातले डांबर वा पेव्हर ब्लॉक पाहताना हा हिशेब ध्यानात ठेवावा.

भूखंड दिला, तरी चिखल तसाच राहिला. खाडीची माती पाण्याने ओथंबलेली असते. तिच्यावर भराव टाकला की आतले पाणी अतिशय सावकाश पिळून निघते आणि जमीन वर्षानुवर्षे खाली बसत राहते. कार्ल टेर्झागीने १९२५ मध्ये या क्रियेचे गणित मांडले. इमारतीचे खांब खोल पायलिंगवर उभे असतात, म्हणून ते जागचे हलत नाहीत. वाहनतळ मात्र नुसत्या भरावावर पसरलेला असतो. परिणामी इमारत आणि अंगण यांच्या सांध्यात पायरीएवढी फट पडते, मध्ये खळगे होतात आणि त्यांत पाणी साचते. रहिवासी ठेकेदाराला दोष देतात. काही वेळा तो असतोही दोषी. पण कित्येकदा डांबर बिचारे खालच्या खाडीशी जुळवून घेत असते.

व्यापारी वाहनतळांची कथा याहून कठीण. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि परिसरात कंटेनर यार्ड, गोदामे आणि ट्रेलरचे तळ पसरले. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवून पाहिले गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही अभियंत्यांना दचकवतो. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. मोटारीचा आस एक टनाचा आणि ट्रेलरचा दहा टनांचा धरला, तर ट्रेलरची एक फेरी मोटारीच्या दहा हजार फेऱ्यांइतकी होते.

त्यातही धावणाऱ्या ट्रेलरपेक्षा उभा ट्रेलर अधिक घातक. याचे कारण क्वीन्सलँड विद्यापीठातील एका काचेच्या नरसाळ्यात पाहता येते. थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये त्यात पिच हा डांबराचा भाऊबंद ओतला आणि १९३० मध्ये नरसाळ्याची नळी उघडली. हातोडीने फुटणारा हा पदार्थ प्रत्यक्षात द्रव आहे. २०१४ पर्यंत त्याचे नऊ थेंब पडले होते. डांबराचेही तसेच. चाक झर्रकन गेले तर ते घट्ट राहते, पण मे महिन्याच्या उन्हात भरलेला कंटेनर तासन्‌तास उभा राहिला तर ते हळूहळू बाजूला सरकते आणि चाकाखाली खाच पडते. त्यात डिझेल गळले तर विचारूच नये. डिझेल आणि डांबर ही एकाच तेलाची लेकरे, म्हणून एक दुसऱ्याला विरघळवते. भारतात २००६ पासून डांबराची प्रतवारी त्याच्या घट्टपणावरून होते आणि अशा जड वाहतुकीला व्हीजी-४० हे अधिक घट्ट डांबर सुचवले जाते. पण बंदरांच्या यार्डांतून पुष्कळ ठिकाणी डांबराने माघारच घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर विटांच्या टंचाईत नेदरलँड्सने काँक्रीटच्या लाद्या पाडायला घेतल्या. त्या रॉटरडॅमच्या बंदरात चालल्या आणि तिथल्यासारखीच खचणारी जमीन असलेल्या ठिकाणी सोयीच्या ठरल्या. जमीन बसली तर लाद्या उचलायच्या, खाली चुरी भरायची, पुन्हा त्याच बसवायच्या. सोसायट्यांच्या आवारात दिसणारा पेव्हर ब्लॉक याच घराण्यातला.

येथे कोणी पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण देईल. १९७३ च्या पावसात पुण्याचे रस्ते उखडल्यावर महापालिकेने रेकॉन्डो कंपनीकडून हॉटमिक्स पद्धतीने हा रस्ता करून घेतला. १९७६ मध्ये तो तयार झाला, दहा वर्षांची हमी मिळाली आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्यावर खड्डा पडला नाही. चोख कामाचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पुण्याच्या पोटात काळा पाषाण आहे आणि द्रोणागिरीच्या पोटात खाडी. तेच यंत्र, तेच डांबर, तीच माणसे उरणला आणली, तरी तेवढे आयुष्य मिळेलच असे नाही.

छपराला आणखी एक बाजू असते. ते आपल्या अंगणात पाणी शिरू देत नाही, म्हणजे शेजारच्या अंगणात धाडते. एक हेक्टर डांबरी तळावर दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी वाहून जाते. पूर्वी ते भातखाचरांत थांबे. नवी मुंबईच्या नियोजनकर्त्यांनी यासाठी डच पद्धतीची धारण तळी आखली. भरतीला झडप मिटते, पाणी तळ्यात थांबते आणि ओहोटीला खाडीत जाते. खारेपाटातील शेतकरी याला उघाडीच म्हणेल. मात्र भरावाने नवे सेक्टर उंच झाले आणि जुनी गावठाणे खोलगट राहिली, त्यामुळे पावसाळ्यात पाण्याची वाट गावांतून जाऊ लागली, अशी उरणकरांची तक्रार आहे. द्रोणागिरीलगतच्या पाणजे पाणथळीवरूनही मच्छीमार, पक्षीप्रेमी आणि नियोजनकर्ते यांच्यात वाद होत आले आहेत. एका पक्षाच्या लेखी ती विकासयोग्य जमीन, दुसऱ्याच्या लेखी स्थलांतरित पक्ष्यांचे आणि उधाणाच्या पाण्याचे थांबण्याचे ठिकाण. उधाण उतरायला सहा तास लागतात. तेवढा वेळ वाहनतळांवरून आलेल्या पाण्याला कुठेतरी उभे राहावेच लागते.