लज्जागौरी (मृण्मूर्ती)

दख्खनमधील मस्तकहीन मातृदेवता. गुडघे दुमडून दोन्ही बाजूंना फाकलेले पाय, फुगीर पोट, कमरेला मेखला; शिराच्या जागी एकतर काहीच नाही, नाहीतर उमललेले कमळ. ही बाळंतिणीची बैठक, शास्त्रीय नाव उत्तानपाद. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त ७२) पृथ्वी उत्तानपदापासून जन्मल्याचे सांगितले आहे. प्रसवणारी स्त्री आणि पिकणारी भुई यांची अभ्यासकांनी घातलेली सांगड त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील मस्तकहीन स्त्रीमूर्तीचा एक फार जुना नमुना इनामगावचा (ता. शिरूर, जि. पुणे). डेक्कन कॉलेजच्या उत्खननात एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी पुरलेली सापडली. आत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी, डोके नसलेली, आणि जवळ बैल. सगळे कच्च्या मातीचे. डोके नसलेलीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी खुपसली की ती बैलावर बसते. काळ आद्य जोर्वे, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १०००. ज्या मातीवर घर उभे, तिच्यातच देवी पुरलेली. मूर्ती भाजण्याची गरज त्या घराला वाटली नसावी.

सातवाहनकाळात साचे आले. तेर, नेवासे, भोकरदन येथील मूर्ती लहान, तळहातावर मावतील एवढ्या आहेत.  तेरच्या मृण्मूर्तींसाठी तेथलेच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहावे. साच्यातली एवढीशी मूर्ती देवळापेक्षा घरातल्या नवसाची वाटते. संग्रहालयांतली ‘प्रजननदेवता’ ही पाटी खोटी नाही, पण तिच्यात बाळंतपणाची धास्ती उतरत नाही. मागणे पिकापुरते नव्हते. कूस उजवावी, बाई सुखरूप सुटावी, मूल जगावे, हेही होते. नागार्जुनकोंड्याच्या पाषाणमूर्तीवरील लेखात इक्ष्वाकू राणी स्वतःला ‘अविधवा’ आणि ‘जीवपुत्रा’ म्हणवते. ऐहोळेजवळ सिद्धनकोळ्ळ येथील पाषाणमूर्तीला अपत्यासाठी आजही नवस बोलतात.

ह. धी. सांकळिया यांनी १९६० मध्ये या मूर्तींवर लेख लिहिला. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथाने मात्र विषय पुराणवस्तूंच्या कपाटातून लोकधर्मात आणला. रेणुका, यल्लम्मा आणि गोव्यात वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सांतेरी यांना त्यांनी भूमीच्याच सूत्रात ओवले.