खिशातला गड्डा

सोलापूरकराला जत्रा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर गड्डा भरतो. पाळणे फिरू लागतात, मौत का कुआँमधली मोटारसायकल घोंगावते, खेळण्यांची दुकाने मांडली जातात. अक्षतांना देव असतो आणि पाळण्याला पोरे असतात. बाराव्या शतकातल्या त्या कर्मयोग्याने दोघांनाही आपल्या आवारात जागा दिली आहे. कामकरी माणसाला वर्षातून चार दिवस हसण्याखेळण्यासाठी मिळावेत, हे आमच्या गावाने फार पूर्वीच मान्य केले आहे.

आता मात्र बाराही महिने भरलेला एक गड्डा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. त्याला कोणी मोबाइल म्हणतो, कोणी स्मार्टफोन. त्यातल्या एकेका दुकानाला ॲप म्हणतात. कुठे छबी काढून तिला सशाचे कान लावून मिळतात, कुठे गाणे म्हणता येते, कुठे सोंगट्या मांडता येतात, तर कुठे दूरच्या आप्ताशी गप्पा होतात. आणि बहुतेक दुकानांच्या दारावर ‘फुकट’ अशी पाटी! मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढेच. यंत्राच्या पोटातले मला समजत नाही. पण कोणतीही नवी वस्तू दिसली की तिचे आजे-पणजे कोण, हे शोधण्याची खोड मला आहे. त्या खोडीपायी या दुकानांची थोडी पाहणी केली, ती वाचकांपुढे मांडतो.

प्रथम स्वस्ताईचा इतिहास पाहू. २०१४ च्या सुमारास एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. यंत्रमागावर राबणाऱ्याला ती चैन परवडण्यासारखी नव्हती. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, कंपन्यांची चढाओढ लागली आणि काही वर्षांत तोच दर दहा-पंधरा रुपयांच्या घरात आला. चहाच्या कपाच्या भावात जत्रा मिळू लागल्यावर ती कोण सोडणार?

असे पूर्वीही घडले आहे. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी पुण्यात एक साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव सरळ ‘करमणूक’ ठेवले. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतील, ही भीती तेव्हा घराघरातून बोलली जात होती. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हाही हे वाचन फराळासारखेच हलके समजणारे असतीलच. आज दिवाळी अंक संस्कृतीचा मानकरी झाला आहे. म्हणून स्वस्त करमणूक दारी आली की लगेच नाक मुरडू नये. तिची परीक्षा मात्र करावी.

ही परीक्षा मी तीन दालनांत फिरून केली. पहिले दालन नवनिर्मितीचे.

आमच्या गावचा थोर कलावंत राम जोशी अठराव्या शतकात जन्मला. वैदिकाच्या घरातला हा पोरगा तमाशाच्या फडाकडे ओढला गेला आणि त्यापायी त्याला घर सोडावे लागले, असे परंपरा सांगते. तमाशा म्हणजे त्या काळची स्वस्त करमणूकच. चौकात डफ वाजला की ज्याने त्याने यावे, जमेल ते द्यावे. पण त्या चौकातूनच राम जोशाने लावणीला अशी डौलदार भाषा दिली, संस्कृतातदेखील अशा लावण्या रचल्या, की प्रत्यक्ष मोरोपंत त्याच्या वाणीवर लुब्ध झाल्याची आख्यायिका मागे राहिली. १९४७ साली त्याच्यावर बोलपट निघाला आणि ज्याला घरातून जावे लागले त्याला पाहायला सगळे घर गेले.

आता अलीकडचे पाहा. २०१८ च्या ऑगस्टनंतर टिकटॉक नावाचे चिनी ॲप आपल्याकडे वणव्यासारखे पसरले. पंधरा सेकंदांचे, पुढे साठ सेकंदांचे चलच्चित्र. गाणे दुसऱ्याचे, ओठ आपले. सोलापूरच्या पूर्व भागात मागांचा खडखडाट इतका असतो की शेजारच्याशी खुणेने बोलावे लागते. त्या आवाजात मागावरचा कामगार फोन खिळ्याला टांगून ओठ हलवीत नाचताना मी पाहिला आहे. त्याला आवाज लागतच नव्हता. गाणे ॲपमध्ये आयते होते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांनी तेलुगू गाण्यांवर केलेले हावभावही मी पाहिले. त्यात बरेच उथळ होते, क्वचित ओंगळही होते. पण ज्यांना कोणत्याही संमेलनाचे निमंत्रण कधी येत नाही, अशा माणसांनी तिथे पहिल्यांदा रंगभूमीवर पाऊल ठेवले होते, हे विसरता येत नाही.

१५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात आपले जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला सरकारने एकोणसाठ चिनी ॲपांवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉकही गेले. देशासमोरच्या त्या प्रसंगात बंदी का आली, हे समजण्यासारखे आहे. परंतु सुमारे वीस कोटी भारतीयांची ही रंगभूमी एका फर्मानासरशी मिटली. इन्स्टाग्रामने रील्स आणली, शेअरचॅटवाल्यांनी मोज काढले, यूट्यूबने शॉर्ट्स सुरू केले. दुकाने पुन्हा भरली. पण ज्याने आपले काम दुसरीकडे उतरवून ठेवले नव्हते, त्याचे ते गेले ते गेलेच.

राम जोशाची लावणी कोणत्या फर्मानाने पुसली असती? ती शाहिरांच्या तोंडी होती, बाडांत उतरली होती. १८९१ साली ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे पुस्तकात छापले, तेव्हा त्यांना ते मिळाले याचे कारण गोंधळ्यांनी ते पिढ्यानपिढ्या पाठ ठेवले होते. चौक कोणाच्या मालकीचा नव्हता, म्हणून कलाही कोणाच्या कुलुपात नव्हती. या दालनाबद्दल माझा अभिप्राय असा की, मुलांना चित्र काढू द्यावे, गाऊ द्यावे, नाचूही द्यावे. मात्र केलेली वस्तू ॲपच्या पेटीतच ठेवू नये. प्रतिलिपीसारखे बंगळूरचे ॲप २०१४ पासून देशी भाषांत लिहिणाऱ्याला प्रकाशकाच्या दारी न जाता वाचक मिळवून देते. क्रमशः कथेला वाचकाचा होकार लागलीच कळतो, ही सोय हरिभाऊंनाही नव्हती. पण तिथे लिहिणाऱ्यानेही हस्तलिखित आपल्याजवळ ठेवावेच.

दुसरे दालन गाठीभेटींचे. पार, कट्टा, हळदीकुंकू, भिशी या आपल्या जुन्या बैठका. तिथे चहाड्या होत, अफवाही पिकत. पण बोलणारा समोर असे. ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारले की बोट दाखवावे लागे. व्हॉट्सॲप २००९ साली अमेरिकेत निघाले आणि आपल्याकडे पाहता पाहता घरोघरी रुजले. पुण्याला नोकरीवर गेलेला मुलगा, आखातात कामाला गेलेला भाऊ, हैदराबादेची आत्या, यांना एका अंगणात आणण्याचे पुण्य त्याच्या पदरी आहे. ज्या आजीला अक्षर येत नाही, तीसुद्धा बटण दाबून आवाज पाठविते आणि नातीचा आवाज ऐकते. टपालाच्या चारशे वाटांनी जे साधले नसते ते इथे साधले.

पण याच अंगणात एक काळा दिवस उगवला, आणि त्याचा डाग आमच्या जिल्ह्याच्या काळजावर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, आणि त्यांतले बहुतेक आमच्या मंगळवेढे तालुक्यातले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असा निरोप त्या दिवसांत फोनाफोनांतून फिरत होता. गावोगाव हिंडून देवाच्या नावाने भिक्षा मागणे हा ज्यांचा पिढीजात धर्म, त्यांच्याच अंगावर तो निरोप येऊन कोसळला. ज्या भटक्यांनी शतकानुशतके गावागावात गाणी, कथा आणि बातम्या पोचवल्या, त्यांना खोट्या बातमीने मारले. कोणी पाठविली म्हणून विचारावे, तर प्रत्येकाचे उत्तर एकच: मला आली, मी पुढे ढकलली.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठविता येऊ नये अशी मर्यादा घातली. मर्यादा चांगलीच, पण ती यंत्राने घातलेली आहे. मनुष्याने घालायची मर्यादा निराळी. ज्याचा मूळ सांगणारा ठाऊक नाही ते आपल्या बोटाने पुढे जाऊ द्यायचे नाही, एवढा एकच नियम मी शाळेत मुलांना सांगतो, आणि पालकसभेत त्यांच्या वडिलांना दोनदा सांगतो. कारण गरज तिकडे अधिक आहे.

तिसरे दालन निव्वळ वेळ घालविण्याचे. मौज अशी की इथला सर्वांत गाजलेला खेळ आपल्या माजघरातलाच आहे. आपला पचिशीचा पट इंग्रजांनी पाहिला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत त्याचे ‘लूडो’ असे बारसे झाले आणि पुठ्ठ्यावर छापून तो परत आपल्याकडे आला. २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने त्याचे ‘लूडो किंग’ हे ॲप केले. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि सारा देश घरात कोंडला गेला, तेव्हा हा पट घरोघर उघडला. शेजारघरचे सासू-सून एका बाजूला आणि पुण्यात अडकलेला नवरा दुसऱ्या बाजूला, असे डाव आमच्या आळीत रात्री उशिरापर्यंत चालत. ओसाड दिवसांत सोंगटी घरात पोचली की भिंतीपलीकडून टाळी ऐकू यायची. त्याच ॲपमध्ये सापशिडीही आहे. ज्ञानदेवांनी मुलांसाठी मोक्षपट रचला असे परंपरा मानते. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. विलायतेच्या वारीत शिकवण गळली आणि नुसते साप उरले.

पण पट आला की द्यूतही मागोमाग येते, हे धर्मराजाच्या घरापासून आपण पाहत आलो आहोत. आपल्या प्रांतात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. फोनवर पैसे लावून पत्ते आणि सोंगट्या खेळविणारी दुकाने निघाली, तेव्हा हे कौशल्य की नशीब, यावर कोर्टांत वाद झाले. पगाराच्या दिवशी पगार उडविणारी पोरे मात्र त्या वादाच्या निकालासाठी थांबली नाहीत. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. माझा अभिप्राय सरळ आहे: खेळात हरल्यावर पुन्हा मांडावासा वाटतो तो खेळ, आणि हरलेले पैसे परत मिळवावेसे वाटतात तो जुगार. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा फरक डोळ्यांत दिसतो. त्यासाठी फोन समजावा लागत नाही.

आता त्या ‘फुकट’ पाटीकडे वळू. गड्ड्यात पाळण्याचे पैसे देऊन आपण खाली उतरतो आणि व्यवहार संपतो. तमाशात दौलतजादा केला की कोणी किती दिले हे चारचौघांना दिसे. इथे पैसा घेत नाहीत. आपण किती वेळ थांबलो, काय पाहून हसलो, कशावर बोट ठेवले, याची नोंद घेतात आणि त्या नोंदीच्या जोरावर जाहिराती विकतात. दिवाळी अंकही जाहिरातींच्या खांद्यावर उभा असतो, हे मी जाणतो. पण कोणत्या पानावर वाचकाचा डोळा लागला, हे संपादकाला कधी कळत नाही. आणि ते कळत नाही म्हणूनच वाचकाला डुलकी घेण्याचे स्वातंत्र्य आहे. ॲपला तुमची डुलकी परवडत नाही. एक चित्र संपायच्या आत ते दुसरे पुढे ढकलते. गड्डा काही दिवसांनी उठतो, म्हणूनच त्याची वर्षभर वाट पाहावीशी वाटते. हा गड्डा उठतच नाही. म्हणून तो आपणच उठवावा लागतो, रोज, ठरल्या वेळी.

एवढे सांभाळले तर मला या दुकानांचे भय वाटत नाही. करमणुकीवाचून कामकरी माणसाचा दिवस कोरडा जातो, आणि स्वस्त करमणुकीतूनच उद्याचा राम जोशी निघायचा असेल तर त्याची वाट आपण का अडवावी? फक्त त्याची लावणी उरली पाहिजे.

त्यासाठी दिवाळीच्या मुहूर्तावर एक सुचवतो. पाडव्याला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. यंदा घरोघरी एक वही घालावी. मुलाने फोनवर रचलेले गाणे, आत्याने आवाजात पाठविलेली ओवी, आजोबांनी सांगितलेली गिरणीची आठवण, मुलीने काढलेले चित्र कागदावर उतरवून, असे सारे तिच्यात तारीखवार मांडावे. दुकाने येतील आणि जातील. वही मात्र आपल्या कपाटात राहील, आणि तिची किल्लीही आपल्याच कनवटीला असेल.