भोवळ आणि कान

चक्कर येणाऱ्या माणसाचे दुर्दैव असे की झटका ओसरला की तो धडधाकट दिसतो. ताप नाही, जखम नाही. मग घरचे म्हणतात, पित्त झाले असेल. नाहीतर, तू मनावर फार घेतोस. हे आजचेच नाही.

‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणारा जोनाथन स्विफ्ट (1667-1745) घ्या. विशी ओलांडल्यापासून त्याला भोवळ येई. पुढे बहिरेपणाचेही झटके येऊ लागले. रिचमंडला एका वेळी शंभर सफरचंदे खाल्ली, तेव्हापासून हे मागे लागले, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. बहिरेपणाचा दोष त्याने सर्दीला दिला, म्हणजे एकाच दुखण्याची दोन कारणे! 1742 मध्ये तो स्वतःचा कारभार पाहण्यास असमर्थ आहे असे ठरवून पालक नेमले गेले. उतारवयात त्याची स्मृती गेली होती हे खरे, पण लोकांनी जन्मभराची भोवळही वेडाच्या खात्यावर मांडली.

वैद्यांनी या रोग्यांकडे पाहिलेच नव्हते असे नाही. अकराव्या शतकात इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये दोन अवस्था वेगळ्या सांगितल्या. सभोवतालचे सारे फिरते असे वाटून माणूस पडतो, तो ‘दुवार’. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तो ‘सदर’. (दुवार आणि आपला ‘दौरा’ एकाच अरबी धातूचे.) आजचा डॉक्टरही आधी हेच विचारतो : सगळे फिरते की अंधारी येते? कारण मात्र डोक्यातल्या आणि पोटातून वर चढणाऱ्या वाफांत शोधले गेले.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्येही अशा रोग्याच्या मेंदूत रक्त साचले आहे असे मानत. म्हणून जळवा लावायच्या, रक्त काढायचे, जुलाब द्यायचे. आधीच उलट्यांनी गळालेल्या माणसाला हा उपचार!

प्रॉस्पेर मेनिएर 1838 पासून तिथल्या मूकबधिर संस्थेचा वैद्य होता. रोज कानांचीच माणसे समोर असल्यामुळे त्याला एक गोष्ट दिसली. एरवी ठणठणीत असलेल्या माणसाच्या कानात आवाज सुरू होतो, ऐकू कमी येते, घर गरगर फिरते, उलटी होते; शुद्ध मात्र जात नाही. 8 जानेवारी 1861 रोजी वैद्यक अकादमीपुढे त्याने सांगितले, की रोग आतल्या कानात आहे. फ्लुरांसने कबुतरांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापून त्यांचा तोल जातो हे 1820च्या दशकातच दाखवले होते, तो आधार मेनिएरने घेतला. फारशी दाद मिळाली नाही. फेब्रुवारी 1862 मध्ये तो वारला. रोगाला त्याचे नाव पडले ते नंतर.

1882 मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन बकनिलने स्विफ्टच्या दुखण्याच्या नोंदी तपासल्या आणि भोवळ व बहिरेपण हा मेनिएरचाच रोग असल्याचे मत दिले. तोवर स्विफ्टला जाऊन 137 वर्षे झाली होती.