गाडीसाठी जीपीएस यंत्र घेताय? आधी नकाशा बघा, मग स्क्रीन

गेल्या पावसाळ्यात खालाजानना रात्री महाडहून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचे होते. मोबाईलने सर्वात जवळचा रस्ता दाखवला, वरंध घाटाचा. घाटाच्या पायथ्याशी गेलो तर बॅरिकेड, रस्ता बंद. मागे वळेपर्यंत रेंज गेली आणि स्क्रीनवर निळा ठिपका कोऱ्या कागदावर फिरावा तसा फिरू लागला. शेवटी एका टपरीवाल्या चाचांनी सांगितले, "माणगाव गाठा आणि ताम्हिणीने जा." पोहोचलो. खालाजान आता बऱ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, सर, गाडीत वेगळे जीपीएस यंत्र ठेवावे का? चौकशी करून आणि थोडे पैसे वाया घालवून आम्हाला जे कळले ते इथे देत आहोत.

त्या रात्री ठिपका बरोबरच होता. नव्हता तो नकाशा. जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळ आणि स्वतःचे स्थान सांगत फिरतात. आपले यंत्र फक्त ऐकते. किमान चार उपग्रह ऐकू आले की ते आपली जागा काढते. त्याला ना सिम लागते, ना रिचार्ज. मोबाईलमधला नकाशा मात्र सहसा इंटरनेटवरून येतो, म्हणून रेंज गेली की तो जातो. वेगळ्या यंत्रात नकाशा आतच साठवलेला असतो. खरा फरक एवढाच.

म्हणून दुकानात पहिला सवाल स्क्रीनचा नको, नकाशाचा करा. कुठल्या देशाचा आहे? अपडेट कायम मोफत, की दरवेळी पैसे? आमचा एक भाऊ दुबईहून सात इंची छान यंत्र घेऊन आला. चालू केले तर त्यात आखाती देशांचे सगळे रस्ते, आणि हिंदुस्थानचा नकाशा वेगळा विकत घ्यायचा! कोकणात घरटी एक माणूस आखातात आहे, तेव्हा ही चूक बऱ्याच घरांत होऊ शकते.

दुसरे म्हणजे यंत्र किती प्रकारचे उपग्रह ऐकते ते पाहा. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू आणि आपल्या इस्रोचे नाविकही आहे. घाटात डोंगर अर्धे आकाश झाकतो, तिथे जितके जास्त उपग्रह ऐकू येतील तितके बरे. बोगद्यात मात्र कुणाचेच ऐकू येत नाही. बरेच दिवस बंद असलेले यंत्र उघड्या आकाशाखाली काही मिनिटे ठेवूनच निघा, त्याला उपग्रह शोधायला वेळ लागतो.

बॅटरीवर फार भाळू नका. गाडीतली यंत्रे चार्जरवर चालण्यासाठीच बनवलेली असतात, नुसत्या बॅटरीवर एखाद-दोन तास चालली तरी पुष्कळ. डोंगर चढायचा असेल तर हातात धरायचे यंत्र वेगळे येते. गार्मिनच्या ईट्रेक्समधली काही मॉडेल्स दोन पेन्सिल सेलवर 25 तासांच्या आसपास चालतात. पण ती गाडीत वळणे बोलून दाखवतील या आशेने घेऊ नका.

आता खरे सांगायचे तर महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्याने यंत्रावर पैसे घालूच नयेत, असे आमचे मत झाले आहे. घरात पडलेल्या जुन्या मोबाईलवर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड टाका आणि घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्या. दोन्हींचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला. गूगल मॅप्समध्येही ठराविक भाग उतरवता येतो, पण त्याला मुदत असते. रोज गाडी चालवणाऱ्याने, ट्रक-टेम्पोवाल्याने वेगळे यंत्र जरूर घ्यावे. फोन आला तरी नकाशा जागेवर राहतो.

एक बारीक गोष्ट, वर्गात शिकवतो तशी. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत मोजून बघा! नावापेक्षा अक्षांश-रेखांश साठवा. पण 18.30 अंश आणि 18 अंश 30 मिनिटे एक नव्हेत. दुसरे म्हणजे 18.5 अंश. घोळ झाला तर बावीस किलोमीटर चुकाल.

कायद्याचेही थोडे. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातले यंत्र फक्त रस्ता पाहण्यापुरते वापरता येते, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा स्टँड घ्याच. आणि परदेशातून येणाऱ्यांनी नीट ऐका: नुसते ऐकणारे यंत्र वेगळे आणि उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारे वेगळे. थुराया, इरिडियमचे फोन किंवा गार्मिनचे इनरीच परवानगीशिवाय भारतात आणणे गुन्हा आहे. विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांच्या बातम्या आल्या आहेत. "नुसते जीपीएस आहे" हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

रस्ता बंद आहे की चालू, हे मात्र साठवलेला नकाशा सांगणार नाही. पावसाळ्यात घाटाखाली थांबून विचारावेच लागते. आणि दुकानदार यंत्र दाखवू लागला तर त्याला मुंबई-पुणे शोधायला लावू नका, आपल्या मोहल्ल्याची गल्ली शोधायला लावा. सापडली तरच भावाचे बोला.