रजेचा पगार कोणी द्यायचा?

शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेली व्यापारपेठ. येथील लहान दुकानांत नोकर आजारी पडला किंवा नोकरदार बाई बाळंत झाली, तर पगार मिळणे आजही बहुधा मालकाच्या मर्जीवर असते.

हा प्रश्न १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आला होता. प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले, की मातेची विश्रांती राष्ट्रहिताची असल्याने मोठा भार सरकारने उचलावा. मात्र तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही वाटा द्यावा. १९२९ मध्ये कायदा झाला, पण भार मालकावरच पडला. कोल्हापूर तर संस्थान; मुंबई इलाख्यात ते १९४९ मध्ये विलीन झाले.

१९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने भार वाटून घेतला. आज मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. दहापेक्षा कमी माणसांची दुकाने मात्र सहसा याबाहेर राहतात.

चार नोकरांच्या दुकानदारावर सगळा पगार लादला, तर तो बाईला कामावर घेणेच टाळेल. म्हणून सक्ती हवी ती रजेची. तिचा खर्च मात्र सामाईक निधीतून व्हावा.