काइफेंगचे ज्यू, कोकण आणि तीस वर्षे पडून राहिलेला ग्रंथ

चीनमधील विद्यापीठांत ज्यू इतिहासाची अध्ययनकेंद्रे आहेत, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की या अभ्यासाचा एक धागा थेट आपल्या कोकणाशी जुळतो.

हेनान प्रांतातील काइफेंग नगरात ज्यूंची लहानशी वस्ती होती. तेथील १४८९ च्या शिलालेखात आपला धर्म ‘तिएनचू’हून, म्हणजे भारतातून आल्याचे नमूद आहे. समाजशास्त्रज्ञ पान ग्वांगदान यांनी हा उल्लेख गांभीर्याने घेतला आणि हे ज्यू मुंबई परिसरातून, बेने इस्रायलींमधून गेले असावेत, असे अनुमान मांडले. कोकणातील ‘शनिवार तेली’ ते हेच. (अनुमान सर्वमान्य नाही. काइफेंगच्या प्रार्थनापोथ्यांतील सूचना फारसी वळणाच्या आहेत, आणि तो पुरावा मला अधिक वजनदार वाटतो.)

पान यांनी हे लिहिले १९५३ च्या सुमारास. त्याच वर्षी काइफेंगच्या ज्यू वंशजांना स्वतंत्र अल्पसंख्य समाज मानायचे नाही, असे बीजिंगने ठरवले. १९५७ मध्ये पान ‘उजवे’ ठरले; १९६७ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून आला तो १९८३ साली.

पुढे वारे फिरले. २४ जानेवारी १९९२ रोजी चीनने इस्रायलशी राजनैतिक संबंध जोडले. पाचच दिवसांनी भारतानेही पूर्ण संबंध प्रस्थापित केले. त्याच वर्षी नानजिंग विद्यापीठात शू शिन यांनी ज्यू अध्ययन संस्था उभारली. गृहस्थ मूळचे अमेरिकन ज्यू साहित्याचे अभ्यासक! १९९३ मध्ये त्यांच्या संपादनाखाली ज्यू ज्ञानकोश चिनी भाषेत आला. संस्थेला आज अमेरिकन देणगीदार दांपत्याचे नाव आहे. शानडाँग आणि काइफेंगमधील हेनान विद्यापीठातही अशी केंद्रे निघाली.

परंतु चिनी शासन पाचच धर्मांना मान्यता देते: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. ज्यू धर्म अभ्यासाचा विषय होऊ शकतो, आचरणाचा मात्र सहजासहजी नाही. २०१६ मध्ये काइफेंगच्या वंशजांना एकत्र जमून वल्हांडण साजरा करण्यास मनाई झाली आणि परदेशी साहाय्याने चालणारा त्यांचा खासगी अभ्यासवर्ग बंद पडला. हेनान विद्यापीठाचे केंद्र त्याच शहरात आहे.